सॅन्टनकाकांनी मीठ सोडलं

राजोडीत लग्न ठरलं की आधी चर्चची तारीख घ्यायची आणि मग सॅन्टनकाकांची, असा रिवाज. हुशार माणसं उलट करायची. फादर दुसरेही मिळतात, सॅन्टनकाका एकच.

काका आमचे शेजारी. एरवी केळीच्या वाडीत असायचे, लग्नसराईत मांडवामागे टोपांपाशी. कांदा कोणीही चिरावा, लाकडं कोणीही सारावीत, पण डुकराच्या मटणाच्या आंबट-तिखट इंद्यालात मीठ पडायचं ते काकांच्याच हातचं. खडेमिठाची मूठ भरायची, डोळे मिटायचे, मग त्यातले चार खडे परत डब्यात टाकायचे आणि उरलेलं टोपात. "नाटकं हायेत नुसती," माझी आई म्हणायची आणि वाटी दुसऱ्यांदा पुढे करायची.

या माणसाला आजार होता, हे गावाला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. तसा तो गावाने पोटभर जेवून पाहिला होता, पण ओळखला नव्हता.

ती गोष्ट १९९४ ची. काकांची झोप उडाली. रात्रभर वाडीत पाटाचं पाणी वळवायचे, दिवसा बोलत सुटायचे, आणि एक दिवस त्यांनी स्वतःच्याच अंगणात मांडव घातला, दोन डुकरं कापली, बँड बोलावला. बँडवाल्याने विचारलं, "कोनाचं लगीन, सॅन्टन?"

"ते जेवल्यावर ठरवू!"

अख्खा गाव जेवला. नवरा नाही, नवरी नाही, हे कोणाला फारसं खटकलं नाही, कारण इंद्याल फर्मास झालं होतं. खटकलं फक्त त्यांच्या बायकोला, उर्सुलाकाकूंना. पुढे महिन्याभरात काका भिंतीकडे तोंड करून निजले ते उठेनात. जेवण नाही, दाढी नाही. "मी मेलो तर तुझी सुटका होईल," असं ते बोलले, तेव्हा काकूंनी विळी-कोयते उचलून आमच्या घरी आणून ठेवले.

काकूंचा भाऊ कॉन्रॅड. गावातली प्रत्येक गोष्ट आपल्यालाच आधी कळते, असा त्याचा समज. फादरांना चुकवून त्याने मेहुण्याला भगताकडे नेलं. भगताने वाडीतल्या विहिरीत एक बाई बुडून मेल्याचं सांगितलं. विहीर उपसली. दोन कासवं निघाली, बाई नाही. मग काकूंनी कोणाला न विचारता काकांना वसईला डॉक्टर सरोजिनींकडे नेलं. त्या मानसोपचारतज्ज्ञ.

बाईंनी ना डोक्याला हात लावला, ना नाडी बघून मान हलवली. नुसतं विचारत बसल्या. झोप कधी गेली? पूर्वी असं झालं होतं का? मरणाचे विचार येतात का? घराण्यात कोणाला?

"आमचा आजोबा," काका पुटपुटले. "भर पावसात घराची कौलं उतरवून धुवायचा."

"येडा नव्हता हां," काकूंनी सासरची बाजू सावरली. "सवच्छतेची आवड होती."

डॉक्टर हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. मग समजावलं: काही काळ मन चढत जातं, काही काळ बुडतं, याला बायपोलर म्हणतात. ओढ घराण्यातून येते, आणि लग्नसराईतली जागरणं तिला पेटवायला पुरतात. पाप नाही, विहीर नाही, बायकोचं बोलणंही नाही. शेवटचं काकूंनी दोनदा वदवून घेतलं.

गोळी दिली लिथियमची. "हेही एक प्रकारचं मीठच," बाई म्हणाल्या. "पण बेतात हवं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. म्हणून मधून मधून रक्त तपासायचं."

काकांचा चेहरा त्या आजारपणात पहिल्यांदा खुलला. "म्हंजे चव बघायची!"

औषध त्यांना तिथेच पटलं. पुढची आठ वर्षं काका ना मांडव घालण्याइतके चढले, ना भिंतीकडे वळले. गावात मात्र ही पित्ताची गोळी होती. डॉक्टरांनी दारू बंद केली, तर काकूंनी गावभर सांगितलं की सॅन्टनने नवस केलाय. त्यामुळे काका नवसाला जागणारा माणूस ठरले. डोक्याचा आजार असलेल्या माणसाला लग्नाचा टोप कोण देणार? ही भीती नवरा-बायको दोघांनाही होती.

२००२ साली राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरपर्यंत आमच्याकडे प्रत्येकजण काहीतरी सोडतो. कॉन्रॅडने दारू सोडली आणि चारचौघांत विचारलं, "सॅन्टन, तू काय सोडनार? तुझ्याकडे सोडायला उरलंय काय?"

खरंच होतं. दारू नव्हती, बिडी नव्हती, मटण तर सगळेच सोडतात. काका म्हणाले, "मीठ."

लोक आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं. एवढं मोठं काही कोणी सोडलं नव्हतं. आठ वर्षं बरी गेली त्याबद्दल देवाला काहीतरी द्यायचं होतं, असं काकांनी पुढे सांगितलं. तेव्हापासून आळणी पेज, आळणी भाजी. सुक्या बोंबलाकडे बघणंही बंद.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचे हात थरथरायला लागले. पोट बिघडलं. मग चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली. रविवारी चर्चमध्ये मिस्साला काका झुलत आले आणि बाकावर बसायच्या ऐवजी बाकाशेजारी बसले. कॉन्रॅडला तेवढं पुरलं. "उपवासकाळात प्याला! नवस मोडला!" संध्याकाळपर्यंत ही बातमी पार अर्नाळ्याला पोचली. काकूंनी नवऱ्याचं तोंड हुंगलं, वास नव्हता. मग कॉन्रॅडने दुसरा निकाल दिला: "मग त्या गोळ्यांनी डोकं खाल्लं. टाक विहिरीत."

काकूंनी डबी हातात घेतलीसुद्धा. मग त्या आमच्या अंगणात आल्या आणि मला म्हणाल्या, "बाबा, रिक्षा आन. गोळी टाकायचीच असली तर जिनं दिली तिला इचारून टाकते."

वसईपर्यंत काका माझ्या खांद्यावर डोकं टाकून होते. नेहमी माझ्या इस्त्रीच्या शर्टाची टिंगल करणारा माणूस त्याच शर्टावर ओकला. तरी एक शब्द नाही. तेव्हा मी घाबरलो.

"नवीन काही औषध? जुलाबाआधी खाण्यात काही बदल?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय नाय, डॉक्टर," काकू म्हणाल्या. "उपासाचं आळनी खातो, तेवढंच."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आळणी म्हणजे? अजिबात मीठ नाही?"

मग धावपळ झाली. खाण्यातलं मीठ तुटलं की शरीर लिथियम धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. वर जुलाबाने पाणी गेलेलं. रक्तात त्याचं विष झालं होतं. गोळी त्या क्षणी बंद. रुग्णालयात सलाईन लावलं.

काका अर्धवट शुद्धीत. "बाटलीत काय हाय?"

"मिठाचं पाणी," नर्सने सरळ सांगितलं.

झालं! काका सुई उपटायला लागले. "ईस्टरपर्यंत नाय! शब्द दिलाय!" काकू एका हाताला, मी दुसऱ्या. शेवटी मी फादर स्टीवनना घेऊन आलो.

"सॅन्टन, आजाऱ्याला उपास नसतो," फादर म्हणाले. "उर्सुलाला विधवा करून देवाला काय मिळनार?"

"पन शब्द..."

"बदलून देतो. ईस्टरपर्यंत कॉन्रॅडला एकही टोमना मारायचा नाय."

काका म्हणाले, "फादर, त्यापेक्षा मीठ सोडनं सोपं होतं." पण त्यांनी हात सैल सोडला.

घरी आले, हात स्थिर झाले, जीभ सुटली. रक्ताचे अहवाल ठीक आले तशी डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, थोडी कमी. पण काका ती तळहातावर घेऊन नुसते बसले. "नको आता. हिनंच मारलं असतं."

काकू भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकदा टोप खारट झाला, तर मीठ घालायचं सोडशील काय?"

"माझा टोप कधी खारट झाला नाय."

"मग गीळ."

गिळली.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेच्या संध्याकाळी कॉन्रॅड आला. माफी मागणं त्याच्या घराण्यात नाही, त्यामुळे त्याने मुलाच्या लग्नाची सुपारी आणली. मे महिन्यात, सहाशे पान. काकांच्या जिभेवर काय काय आलं असेल! पण ईस्टर व्हायचा होता. त्यांनी ओठ मिटून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करतो. पन आदल्या रात्री जागनार नाय. दहाला झोपनार."

"का? म्हातारा झालास?"

काकूंनी पटकन सांगितलं, "पित्त होतं त्यांना."

"पित्त नाय," काका म्हणाले. "डोक्याचा आजार हाय, कॉन्रॅड. चौऱ्यान्नवपासून. जागरन झालं की पेटतो. रोज गोळी घेतो म्हनून बरा असतो. चालत असेल तर सुपारी ठेव, नायतर दुसरा बघ."

कॉन्रॅडने काकांकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. गावाच्या आधी आपल्याला कळलेली ही पहिलीच खरी गोष्ट, हे त्याला हळूहळू उमगत असावं.

"मग रात्री टोप कोन ढवळनार?" त्याने विचारलं.

"तू."

"मी? मला काय येतं?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, फादर आठवले असावेत, मिटलं.

"शिकवीन," ते म्हणाले. "पन मिठाला हात लावायचा नाय."