ताईंपुढे नुसती मान हलवून चालत नाही

वकील सुशीलाताईंची आणि माझी पहिली भेट हिंगोलीच्या कोर्टाबाहेर, त्यांच्या टेबलापाशी झाली. मी शिरड शहापूरचा प्राथमिक शिक्षक. माझी पत्नी कमल ताईंकडे टंकलेखन करी. ताईंनी एक इंग्रजी कागद माझ्यापुढे धरला. "गुरुजी, समजलं?" मी मान हलवली. "मला दोनदा वाचून समजलं न्हाई. तुमी सांगा बरं." मला सांगता आले नाही.

तो दोन देशांमधला गुंतवणूक करार होता. त्याच्या आधाराने एक परदेशी कंपनी आमच्याकडे हळदीचा कारखाना काढणार होती. बाहेरची बाजारपेठ मिळणार म्हणून शेतकरी खूश होते. जागा मात्र गावालगतच्या तांड्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला होती.

ताईंनी तो करार तांड्यावर मराठीतून वाचला. एक कलम वाचायचे, मग ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी ते आपल्या शब्दांत सांगायचे, तोवर पुढचे कलम नाही, अशी त्यांची पद्धत. सरकारने धंद्याला धक्का लावला तर कंपनी परदेशातल्या लवादापुढे भरपाई मागू शकते, हे कलम आले. तांड्यावरच्या रुख्मीबाई म्हणाल्या, "म्हंजे पाणी नासलं अन् सायबानं कारखाना बंद केला, तं कंपनी सरकारलाच खेचन. मंग सायब काहून बंद करन?"

"बराबर," ताई म्हणाल्या.

पिण्याच्या पाण्यासाठी सरकारने पाऊल उचलले तर कंपनी लवादाकडे जाणार नाही, असे तिने आधी लिहून द्यावे, मगच ग्रामसभेने ना-हरकत द्यावी, ही अट ताईंनी मांडली. कंपनी अडून बसली. ताईंचे थोरले भाऊ हळद पिकवणारे. ते भर सभेत म्हणाले, "सुशे, वकिली कोर्टात कर. माझ्या हळदीला आडवी काहून येऊन राहिली?"

"दादा, हळद खुशाल परदेशात जाऊ दे. पण कारखाना चालू झाल्यावर वहिनी त्या विहिरीचं पाणी पील का, तेवढं सांग."

त्या दिवाळीला भाऊ ओवाळून घ्यायला आले नाहीत. ताईंनी अट सोडली नाही. अखेर कंपनीने सही केली; लवादाचा आधार गेल्यावर तिने जागाही बदलली आणि कारखाना विहिरीच्या खालच्या अंगाला झाला. पुढच्या भाऊबीजेला भाऊ पिशवीभर हळद घेऊन आले.

ही अट गावोगाव मागावी लागू नये, ती दोन देशांच्या करारातच असावी, म्हणून ताई आजही तशा कलमांचा मसुदा करत आहेत. त्याची मराठी प्रत कमल तयार करत होती. ती आजारी पडल्यावर ताई दर रविवारी यायच्या. धीराचे शब्द बोलायच्या नाहीत. कलम वाचायच्या, कमल अर्थ सांगायची. शेवटच्या रविवारी कमलने नुसती मान हलवली. ताईंनी तेवढ्यावर कागद मिटला. असे त्यांनी कधी कुणासाठी केलेले मी पाहिले नव्हते.

हा गौरवलेखही कमलच लिहिणार होती. ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण आणि आवाज असाच खणखणीत राहो, मसुदा करारात उतरलेला त्यांना स्वतः वाचायला मिळो. उरलेली कलमे मी उतरवायला घेतली आहेत. ताई, रविवारी येतो. या वेळी अर्थ सांगेन.