सव्वातीनचे तीन कसे झाले

चैत्रात मी दर्यापूरकडून कापसाच्या गाडीवर बसून अमरावतीला निघालो, तेव्हा बा गाडीसोबत वेशीपर्यंत चालला. व्यापाऱ्याच्या वखारीत कापूस तोलायचं काम ठरलं होतं. सालाचे अठ्ठ्याहत्तर रुपये, दर पंधरवड्याला हातात. बाला हिशेब सांगितला: वर्षाच्या पुनवा-अमावस्या चोवीस, म्हणजे दर खेपेला सव्वातीन.

बा सालदार. मालकाकडं वर्षभर राबायचं, मधे सोडता येत नाही. अक्षय तृतीयेला साल संपतं. मालकाच्या हातचा विडा घेतला की पुढचं वर्ष बांधलं गेलं. बा म्हणाला, "सव्वातीन खरे असन तं मी विडा घेत नाई. समदेच येतो तुह्याकडं."

पहिला पगार झाला, तीन रुपये. मी वखारीच्या मुनीमजींकडं गेलो. ते हसले. "पुनव पाहून पैसे मागतं का बे? आमी आठवडी बाजार मोजतो. दर दुसऱ्या बाजाराले पगार. वर्षाचे बाजार बावन्न, त्याचे निम्मे सव्वीस. सव्वीस तिरी किती?"

अठ्ठ्याहत्तर. चूक कुणाचीच नव्हती. पण आमच्या गावचा गाडीवान नामदेव पगाराच्या वेळी तिथंच होता. त्यानं माझ्या हातावरचे तीन रुपये पाहिले, आणि मी मुनीमजींकडं वळायच्या आत गाडी जुंपली.

सुटी मिळवून मी गावी पोचलो तो अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. नामदेवनं तीनच मिळाले म्हणून सांगितलं होतं, आणि बाचे ओठ विड्यानं रंगलेले होते. मी सगळं मांडून सांगितलं. त्यानं ऐकलं, बोटांवर मोजलं, पटलंही.

"आता काहून सांगतं? जबान देल्ली मी."

मालकाला सोडतो का विचारू म्हटलं, तर त्यानं नको म्हणून मान हलवली. आई आणि भावंडं माझ्यासोबत अमरावतीला आली. बा वर्षभर मालकाच्या गोठ्यात निजला. आई रोज त्याच्या वाटच्या भाकरी थापायची आणि मग तो इथं नाही हे आठवलं की आम्हाला वाढायची.

तुम्ही गावचे लोक, काही मागे राहिलात, काही जण अकोल्याला गेलात. भेटलं की सगळे विचारता, घर कोणतं धरतोस, हे अमरावतीचं की ते गावचं? बा आता माझ्याकडं असतो. महिना-दोन महिने राहतो, मग एका सकाळी काठी घेऊन दर्यापूरच्या रस्त्याला लागतो. कधी परत येणार ते सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. त्याला कुणी अडवत नाही, म्हणून मी याला घर म्हणतो.