वित्स्काबाईचा चुलता

माझी सवत परवा वारली.

दचकू नका. आमच्या सरांनी दुसरं लग्न केलं नव्हतं.
ती नेदरलँडची लेखिका होती. वित्स्के होर्नस्त्रा. आमच्या घरात नुसती वित्स्काबाई.

सवत हे नाव पोस्टमन शेषरावांनी पाडलं. फाटकातूनच पाकीट हलवायचे, "वहिनी, सवतीचं पत्र आलं! सरांना जल्दी बोलवा, न्हाई तर मी फोडतो."
मी हसायचे. पण लागायचं.

सर म्हणजे माझे यजमान. जाफराबादजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. एकदा पेपर तपासायला शहरात गेले आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून तिची कादंबरी घेऊन आले. इंग्रजी भाषांतर होतं.
मी सातवी पास. मी तुरी निवडत बसायचे आणि ते वाचून मराठीत सांगायचे.

कादंबरी तिच्या बापावर होती. बाप बांध सांभाळणारा. बांध फुटायला आलाय, बापाला झोप नाही, पोरगी मेंढ्या घेऊन त्याच बांधावर फिरतेय.

आता आमच्याकडं बांध म्हणजे दोन शेतांमधला. तो कोरण्यावरून सख्खे भाऊ मयतीलासुद्धा जात नाहीत.
मी आठ दिवस तसंच ऐकलं. पाणी आलं म्हणाले, तर मला वाटलं वरच्या शेतकऱ्यानं सोडलं असेल.

पुस्तक संपलं. मी विचारलं, "सगळं खरं, पण बांध आधी कोरला कोणी? थोरल्यानं का धाकट्यानं?"

सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.
"अगं, समुद्राचा बांध आहे तो! भावकीचा न्हाई. तिकडं जमीन खाली आणि समुद्र वर."

मला राग आला.
"मंग समुद्र तिचा चुलताच की! रोज थोडा थोडा बांध कोरून राह्यला. आणि बापाला कोर्टात जायची बी सोय न्हाई."

सरांचं हसू थांबलं.
त्यांनी वही ओढली आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर तिला पत्र लिहिलं.

काही महिन्यांनी शेषरावांनी पहिलं पाकीट हलवलं. मग येतच राहिली.

माझ्या जावांबद्दल नसेल एवढं मला तिच्याबद्दल माहीत होतं. चीजच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक नसलं की पुडीच्या कागदावर कविता लिहायची. पहिली दोन पुस्तकं कुणी विचारली नाहीत. बापावरची कादंबरी आली आणि मग सगळे विचारायला लागले.

"लग्न न्हाई केलं तिनं?"
"केल्तं. सोडलं."
"मंग वेळ भेटतच असंल लिहायला."
सरांनी पत्राची घडी घातली. शहाणे होते.

मग तिचं कवितेचं पुस्तक आलं. सगळ्या कविता समुद्र नावाच्या चुलत्यावर. सणाला घरी न येणारा, हळूहळू जमीन खाणारा, आणि बाप मेल्यावर सगळ्यांत मोठ्यानं रडणारा चुलता.
पहिल्या पानावर छापलं होतं, जाफराबादच्या मास्तरांना, ज्यांनी मला माझा चुलता दाखवला.

त्या पुस्तकासाठी तिला मोठं बक्षीस मिळालं. मुलाखतीत म्हणाली, "भारतातल्या एका शिक्षकांचं हे देणं आहे."

शाळेनं सरांचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो.
सर माइकवर म्हणाले, "मला सहज सुचलं."
मी बायकांच्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर म्हटलं, "ते मी म्हटलं होतं."
"अगं, तुझं माझं काय वेगळं आहे का?"
"शाल तर एकच आहे."
त्यांनी ती माझ्या खांद्यावर टाकली. मी काढून पेटीत ठेवली. आजपर्यंत बाहेर काढली नाही.

नवरा जाईल ही भीती मला कधी नव्हती.
माझं एक वाक्य गेलं होतं. आणि तिच्याकडं जाऊन ते माझ्यापेक्षा चांगलं नांदत होतं.
जळायला एवढं पुष्कळ असतं.

चार वर्षांपूर्वी सर गेले. सकाळी दाढी करताना. अर्धी राहिली होती.

तिची पत्रं येत राहिली. शेषराव आता पाकीट हलवत नव्हते, हातात देऊन निघून जायचे.
मी तिला कळवलं नाही.
कितीदा कागद घेतला. सर गेले, एवढं लिहून व्हायचं. पुढची ओळ आपोआप यायची, ते वाक्य माझं होतं. मेलेल्या माणसाकडून हिसकावून घेतल्यासारखं वाटायचं. ती ओळ गाळून मात्र पत्र टाकवत नव्हतं. कागद फाडायचे.

त्या काळात मी तिची सगळी पुस्तकं वाचली. पानावर फोन धरला की इंग्रजीचं मराठी होतं. वेडंवाकडं होतं, पण मी लावून घेते.

मागच्या महिन्यात ती कादंबरी पुन्हा काढली. फोन बांध म्हणेना. प्रत्येक पानावर धरण, धरण.
धरण ऐकून मी काय विचारलं असतं? काहीच नाही. धरण सरकारचं असतं.
बांध हा शब्द सरांचा होता. तुरी निवडणाऱ्या बायकोला समजावा म्हणून त्यांनी तो शोधला होता.

मी पुन्हा कागद घेतला. या वेळी दोन्ही ओळी लिहायच्या, असं ठरवलं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिले.
परवा पुतणीनं फोनवर बातमी दाखवली.

आता कुठं पाठवू? म्हणून इथं लिहिते.

वित्स्काबाई, आमचे सर चार वर्षांपूर्वी गेले. उत्तरं थांबली ती त्यामुळं, तुमच्यावर रागावले नव्हते. मी कळवलं नाही, कारण मी तुमच्यावर जळत होते. अजून जळते.
चुलत्याचं मी म्हटलं होतं.
पण बाप मेल्यावर तो सगळ्यांत मोठ्यानं रडतो, हे तुमचं आहे. ते मला सुचलं नसतं.

नीट जा. रामराम.