ढबूचं पाणी

न्हावऱ्यात बिरदेवला सगळे पाण्याचा माणूस म्हणतात. रांजणगावच्या एका कंपनीत पाणी शुद्ध करायचा प्लँट आहे, तिथं तो ऑपरेटर आहे. गावात कुणाच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला, कुणाचा घरचा फिल्टर बंद पडला, की त्याला बोलावणं येतं. त्याच्या वडिलांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मुक्काम पडेल तिथलं पाणी फडक्यानं गाळून ते प्याले. आपण मात्र पाण्यातलं कळणारा माणूस झालो, याचा बिरदेवला मनातून अभिमान होता, आणि तो त्याच्या बोलण्यातही उतरायचा.

कांदा काढणीच्या दिवसांत त्याची बायको प्रतिभा हिच्या खुरप्याखाली एक बेडूक आला. खरबरीत अंगाचा, मातकट, मुठीएवढा. मागचा एक पाय चांगलाच कापला होता. प्रतिभा त्याला बांधावर टाकून देणार, एवढ्यात त्यांची मुलगी हर्षदा तो ओंजळीत घेऊन घरी आली. ती सहावीत होती. दौंडला तिच्या मामाचं रंगीत माशांचं दुकान होतं, ते बंद झाल्यावर काचेची एक टाकी त्यांच्या घरी येऊन पडली होती. तिच्यात हर्षदानं माती आणि नारळाचा काथ्या पसरला, फुटकं मडकं आडवं ठेवलं, उथळ ताटलीत पाणी ठेवलं आणि वर जाळी टाकली. जाळीच्या अर्ध्या भागावर ओलं गोणपाट. बेडकाचं नाव तिनं ठेवलं ढबू.

नळाचं पाणी ती घमेल्यात भरून दिवसभर उघड्यावर उन्हात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच ताटलीत ओतायची. मामानं माशांसाठी तसंच करायला शिकवलं होतं. बिरदेवनं ते पाहिलं आणि त्याला हसू आलं.

"अगं, उघड्यावर ठेवलेलं पाणी म्हंजी जंतूंचं माहेरघर. त्यात आन् त्याच्या पायाला जखम हाय."

त्यानं सगळं आपल्या हातात घेतलं. ताटलीतल्या पाण्यात तो क्लोरिनचं औषध टाकायला लागला, जखम चिघळू नये म्हणून जरा सढळ हातानंच. उन्हाळ्यानं हवा कोरडी झाली होती, म्हणून गोणपाट काढून त्यानं टाकीवर प्लास्टिक ताणून बसवलं. आत ओलावा मोजायचं छोटं मीटर चिकटवलं. काचेवरून घाम निथळायला लागला, मीटरचा आकडा चढला, आणि बिरदेव खूश झाला.

"पप्पा," हर्षदा एकदा म्हणाली, "ढबू पाण्यात बसतच न्हाई. ठेवला की चढून बाहेर येतोय. आन् आत कुबट वास येतोय."

"त्याला सवय न्हाई स्वच्छ पाण्याची. लागंल."

ढबूला सवय लागली नाही. त्याच्या पोटाखालची कातडी लाल झाली, अंगावरून पापुद्रे सुटायला लागले. काथ्यावर पांढरी बुरशी धरली. तो काचेला तोंड लावून कोपऱ्यात बसून राहायचा, गळ्याखाली नुसतं धडधडायचं.

त्याच सुमारास एका रविवारी गावातले हौसराव आप्पा जेवायला आले होते. आप्पांनी टाकीत वाकून पाहिलं.

"काय रे बिरदेवा, पाण्याच्या माणसाच्या घरी बेडूक मरायला लागला व्हय?"

आप्पा गमतीनं म्हणाले होते. बिरदेवच्या मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. हर्षदा वाढत होती. तो तिच्याकडं वळला.

"हिचे हात. साबण लावती, गोठ्यात हात घालती आन् तेच हात त्याला लावती. किती सांगायचं? मारून टाकणार हाय ती त्याला."

हर्षदाच्या हातातलं भाकरीचं ताट तसंच राहिलं. ती ताट खाली ठेवून आत गेली. त्यानंतर ती टाकीजवळ फिरकली नाही.

पुढच्याच पाळीला प्लँटवर बिरदेव रोजचं काम करत होता. तिथं पाणी बारीक पडद्यांमधून गाळलं जातं. क्लोरिन लागला की ते पडदे खराब होतात, म्हणून त्याआधी पाण्यातला क्लोरिन काढून टाकतात. तो निघाला का हे बघायला काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे. नळीतलं पाणी नितळ राहिलं. बिरदेव तिच्याकडं बघत राहिला. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून ओढून घेतो, हे हर्षदानंच त्याला मोबाईलवर दाखवलं होतं. म्हणजे त्याची कातडी हाच त्याचा पडदा.

थेंबांची बाटली आणि नळी खिशात घालून तो घरी आला. ताटलीतलं पाणी नळीत घेतलं. थेंब पडताच ते गर्द पिवळं झालं.

ओसरीवर कुणी नव्हतं. त्यानं ताटली धुतली, घमेल्यात पाणी काढून उन्हात ठेवलं. तोवर शेतातल्या विहिरीचं पाणी आणून दिलं. प्लास्टिक काढून जाळी टाकली, बुरशीचा काथ्या फेकला, गोणपाट भिजवून अर्ध्या भागावर पसरलं. जे मुलगी करत होती तेच सगळं. पण तो कुणाला काही बोलला नाही. ढबू जगला की विषय आपोआप मिटेल, असं त्यानं मनाशी ठरवलं.

ढबू जगला. पोटाचा लालपणा उतरला, तो ताटलीत बूड टेकून बसायला लागला, किडे गिळायला लागला. प्रतिभानं शेजारणीला कौतुकानं सांगितलं, "ह्यांनीच वाचवला." बिरदेव तिथंच होता. तो गप्प राहिला.

मग गोठ्यातली शेळी व्याली. पिल्लू अशक्त होतं, आचळ धरत नव्हतं. बिरदेवच्या आईनं, बानूबाईनं, नातीला हाक मारली.

"हर्षदे, धर जरा ह्याला. तोंड लाव आचळाला."

हर्षदा दारातच थांबली. हात ओढणीत गुंडाळलेले.

"मी न्हाई. माझे हात चांगले न्हाईत, आज्जी. मरंल ते."

बिरदेव दुचाकी पुसत होता. तिचे हात त्याला तेव्हा नीट दिसले. धुऊन धुऊन बोटांची कातडी पांढरी पडली होती, सांध्यांवर भेगा होत्या. इतके दिवस ती त्याच्यासमोर जेवत होती आणि त्याला ते दिसले नव्हते.

तो गोठ्यात आला. आईसमोर, शेळीला धरून उभ्या बायकोसमोर बोलताना त्याची मान वर होईना.

"हर्षदा, तुझ्या हातानं काय झालं न्हवतं. पाण्यात औषध मी जास्त टाकलं. प्लास्टिकबी मीच लावलं. तुझं बरोबर होतं."

"तुम्हाला कवा कळलं?"

"आप्पा जेवून गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग इतके दिवस का न्हाई सांगितलं?"

याला उत्तर होतं, पण ते मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. बानूबाई पिल्लाचं तोंड आचळाला लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो हर्षदाला घेऊन डेअरीवर गेला. हौसराव आप्पा दूध घालायला आले होते, आणखी चारपाच माणसं होती. त्यांच्यासमोर त्यानं सांगितलं, की त्या दिवशी मी पोरीवर ढकललं, चूक माझी होती. आप्पा हसले.

"बेडकाचं काय घेऊन बसला लेका. सोड."

बाकीचेही हसले, आणि बोलणं दुधाच्या फॅटवर गेलं. बिरदेवला वाटलं होतं, कुणीतरी चार शब्द सुनावेल. कुणाला त्यात सुनावण्यासारखं काही दिसलंच नाही. हर्षदा तेवढी हसली नव्हती. येताना ती गाडीवर मागं बसली. एरवी ती त्याच्या खांद्याला धरायची. त्या दिवशी तिनं मागची कडी धरली.

ढबूचा पाय वाकडाच राहिला, त्यामुळं तो अजून टाकीतच आहे. पाणी हर्षदा बदलते. बदलण्याआधी नळीत घेऊन थेंब टाकून बघते; बाटली तिनं मागून घेतली. बिरदेव बाजूला उभा राहतो आणि विचारल्याशिवाय काही सांगत नाही. शेळीचं पिल्लू तिनं शेवटी उचललं, हे त्याला प्रतिभाकडून कळलं. आता ती पिल्लाला रोज मांडीवर घेऊन बसते. पण बिरदेव गोठ्यात आला, की तिचे हात अजूनही क्षणभर मागं जातात.