काशीरामाचं पान

चांदीपच्या रंभाबाईला गाणं येतं असं कुणी म्हटलं, की तिला राग यायचा. गाणं येत नसतं, बांधावं लागतं, असं तिचं म्हणणं. ती धवलारीण. लग्नघरी मांडव उभा राहिला की जुन्या चालीवर धवले म्हणायचे आणि त्यात त्या घराची माणसं एकेक करून ओवायची, हे तिचं चाळीस वर्षांचं काम. चाल सासूकडून आलेली, नावं ज्याच्या त्याच्या घरची, आणि दोहोंचा सांधा जुळवणारी रंभा.

हा सांधा दिसतो तेवढा सोपा नाही. पूर्वी जोमा, राघो, धर्मा अशी नावं असायची, ओळीत मुकाट बसायची. मग बारशाला पुस्तकातून नावं निघू लागली. गोखिवऱ्याच्या एका लग्नात नवरदेव निघाला हर्षवर्धन. बायका म्हणाल्या, नुसतं हर्षा म्हण, कोण विचारतंय? रंभाने ऐकलं नाही. तांदूळ निवडता निवडता दोन दिवस ते नाव तोंडात घोळवलं आणि शेवटी त्याच्यासाठी ओळच लांब केली. ओळ वाढवावी, माणूस कापू नये, असं ती शिकायला येणाऱ्या मुलींना सांगे. मुली आठवड्याभरात पळून जात, ती गोष्ट वेगळी.

धवल्यांत एक रीत असते. आधी जिवंत माणसांना बोलवायचं. चुलत्याने यावं, मामाने यावं, मांडवाला हात लावावा. मग पितरांना बोलवायचं, आणि त्या ओळीत ज्याचं नाव येईल त्याच्या नावाने केळीच्या पानावर भात वाढायचा. रंभाने आयुष्यभर दुसऱ्यांचे पितर ठणठणीत आवाजात बोलावले. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा काशीराम गेला, आणि तिला पहिल्यांदा त्या ओळीची भीती वाटली. वर्षभर ती कुणाच्या मांडवात गेली नाही. वर्ष सरल्यावर बोलावणी आली, तेव्हा तिने घसा बसल्याचं सांगितलं. घसा चांगला खणखणीत होता.

लोकांचं काही अडलं नाही. पाच वर्षांपूर्वी मोठ्या पुतणीच्या लग्नात तिच्या मुलाने, धनेशने, तिचे धवले फोनवर भरून घेतले होते. ते या फोनवरून त्या फोनवर गेले आणि गावोगाव स्पीकरवर वाजू लागले. आता त्यात नावं होती रंभाच्या सासरची! आचोळ्यापासून चांदीपपर्यंत लग्न कुणाचंही असो, काशीरामाला मात्र आमंत्रण असायचंच. नवऱ्यामुलाचे मामा एकमेकांना विचारत, हा काशीराम कोण बुवा? रंभाच्या कानावर हे यायचं. आधी तिला हसू आलं, मग येईनासं झालं.

यंदा धाकट्या पुतणीचं, दिपिकाचं, लग्न ठरलं. दिराने रंभाला धवल्यांसाठी विचारलं, तिने घसा दाखवला. हळदीच्या दिवशी सकाळी ती मोठी काकू म्हणून मांडवात बसली आणि धनेशने स्पीकर लावला. रंभाचा पाच वर्षांपूर्वीचा आवाज मांडवभर पसरला; धवल्यात नवराही दादाच.

‘काशीराम दादा, मांडवी या हो, आंब्याच्या डहाळीला हात तुमचा लावा हो.’

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एकीने तर म्हटलंसुद्धा, बरं वाटलं, काका आल्यासारखे वाटले. रंभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला आपण आपल्या हातांनी शेवटचं पाणी पाजलं, त्याला डहाळी बांधायला बोलवतात? आणि तेही आपल्याच तोंडून? ती उठली आणि तिने धनेशला स्पीकर बंद करायला सांगितलं.

“आये, तुजाच आवाज हाय ना?” धनेश म्हणाला.

“आवाज माजा हाय. गानं नाय,” रंभा म्हणाली. “जित्याला कामाला बोलवतान, मेल्याला जेवाला. इतकं तरी कलूं दे.”

स्पीकर बंद झाला. रंभा पाटाजवळ बसली आणि तिने पहिली ओळ धरली. आवाज चिरकला. दिराने हळूच सुचवलं, राहू दे वहिनी, त्रास नको. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. पुन्हा सुरुवात केली, या वेळी एक पट्टी खाली उतरून, आणि चाल ताब्यात आली. दिपिकाचं नाव आलं, चुलते, मामा, आत्या आल्या, मुंबईची क्लेमेंटीन नावाची जाऊसुद्धा आली, तीही ओळ लांबवून. एकही माणूस कापला गेला नाही.

मग पितर. सासरा झाला, सासू झाली. आता काशीराम. ही ओळ तिने दोन वर्षांत कधीच बांधली नाही असं घरच्यांना वाटत होतं. खरं तर भात झोडताना, भांडी घासताना, ती शंभरदा बांधून झाली होती. फक्त तोंडाबाहेर काढायची राहिली होती. तिने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले आणि ओळ म्हटली.

‘काशीराम दादा, पंगती या हो, नातीच्या हातचा भात तुम्ही जेवा हो.’

नातं चुकलं होतं. दिपिका पुतणी, नात नव्हे. रंभा तिथेच थांबली, ओळ मोडली आणि सगळ्यांसमक्ष नीट बांधून पुन्हा पहिल्यापासून म्हटली. या वेळी नातंही बरोबर आलं आणि नावही पुरं आलं.

दिपिकाने केळीचं पान मांडलं आणि रीतीप्रमाणे त्यावर मूठभर भात ठेवला. रंभाने तिचा हात धरला.

“आजून वाढ, बाय,” ती म्हणाली. “दोन वर्सं सगले त्याला बोलवतान, पन पान कोनी वाढलं नाय.”