अंकलचा टिश्यू पेपर

आमच्या सिंगापूरच्या वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला सगळे अंकल म्हणत. आम्ही होड्यांच्या जुन्या मोटारी दुरुस्त करून थंड देशांत पाठवायचो. अंकलनी बर्फ पाहिलेला फक्त कोल्ड्रिंकमध्ये, पण हिवाळ्याची धास्ती त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. मोटारीत राहिलेलं पाणी गोठलं की धातू तडकतो, यावर त्यांचा आधी विश्वास बसेना. म्हणून एक निकामी पंप पाण्याने भरून त्यांनी मासळीवाल्याच्या फ्रीझरमध्ये ठेवला. तो तडकलेला पंप कायम त्यांच्या टेबलावर असे.

पाठवण्याआधी प्रत्येक मोटार उभी करून ते ती सुरू करायची दोरी हळूहळू ओढत, म्हणजे आत उरलेलं पाणी बाहेर पडे, आणि खाली टिश्यू पेपर धरत. तो कोरडा निघाला की नुसती मान डोलावत.

एकदा भरलेल्या ट्रकमध्ये त्यांना एक मोटार आडवी दिसली; आडव्या मोटारीत पाणी अडकून राहतं. त्यांनी ती उतरवायला लावली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मी वैतागलो. "अंकल, तपासलीय ती. या कागदावर माझी सही आहे."

"सही गोठत नाही, लाह," ते त्यांच्या सिंगापुरी सवयीने म्हणाले. "पाणी गोठतं."

त्यांनी मोटार उभी केली, दोरी ओढली आणि ओला टिश्यू पेपर अलगद माझ्या सहीवर ठेवला. शाई पसरली. सगळं पाणी निथळून टिश्यू कोरडा निघेपर्यंत, दुसरी सही करायला मी पाऊण तास उभा होतो.