कुलकर्णी बाईंची मान

१९९६ चा उन्हाळा... आम्ही तेव्हा सुरतला, लिंबायतमध्ये राहायचो. वडील कापडाच्या लूमवर कामाला होते. बारावीनंतर मी एका गुजराती बेनकडे पार्लरचं काम शिकले आणि नुकतीच घरोघरी जायला लागले होते.

एक दिवस आमच्या मराठी शाळेतल्या कुलकर्णी बाईंचा निरोप आला. बाई एकट्याच राहायच्या, पुढच्या वर्षी रिटायर होणार होत्या. मी गेले तसं त्यांनी दार लावून घेतलं आणि जरा लाजतच म्हणाल्या, "माझ्या या मानेचं काही होईल का गं? हनुवटीखाली फार लोंबायला लागलंय. निरोप समारंभात सगळे फोटो काढतील..."

ज्यांच्या आवाजाला अख्खा वर्ग टरकायचा, त्या बाई माझ्यापुढे मान वर करून बसल्या होत्या! मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू...

मग दर रविवारी जायचे. बदामाच्या तेलाने खालून वर हलका मसाज, नंतर बेसन आणि सायीचा लेप. छताकडे बघत चघळल्यासारखं तोंड हलवायचा व्यायामही शिकवला. बाई तो अगदी मन लावून करायच्या.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी बोटांना काहीतरी लागलं. घशाच्या डावीकडे, कातडीखाली... सुपारीएवढं, टणक. बाईंनी आवंढा गिळला तसं ते वर सरकलं.

माझा हात थांबला. बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "काय गं? काही लागलं का हाताला?"

"नाही बाई, चरबी आहे. मसाजने जाईल."

का बोलले असं? मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तेच कबूल करायचं नव्हतं. एकोणीस वर्षांची होते, पण "डॉक्टरला दाखवा" एवढं तर म्हणता येत होतं मला! त्यानंतर मी ती जागा टाळून मसाज करत राहिले...

दिवाळीनंतर बाईंना गिळायला त्रास व्हायला लागला, तेव्हा त्या डॉक्टरकडे गेल्या. थायरॉइडच्या कॅन्सरची गाठ निघाली, आवाजाच्या नसेपर्यंत पसरलेली. ऑपरेशन झालं, बाई वाचल्या. आवाज मात्र गेला, उरली ती नुसती घोगरी कुजबुज. निरोप समारंभात त्यांचं भाषण दुसऱ्या बाईंनी वाचून दाखवलं.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले आणि रडत सगळं सांगून टाकलं.

बाईंनी मला जवळ बसवून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "ती गाठ मलाही लागत होती गं... कधीपासून. दाखवायची भीती वाटायची. फोटोचं नुसतं निमित्त होतं. म्हटलं, कुणीतरी आपणहून सांगेल."

आज माझं स्वतःचं पार्लर आहे. मान सैल पडली म्हणून बायका येतात, मी तेल-लेप सगळं करते. पण आधी गळा नीट तपासते, आणि जरा शंका आली तरी सरळ डॉक्टरकडे पाठवते. काहीजणी रागावतात... रागावू देत.

बाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. माझ्यावर एकदाही रागावल्या नाहीत... रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.